डेबियनवर बाहेरची नवी आवृत्ती कधी घ्यायची: कारण, राखणदार आणि परतीची वाट

तीच चूक वारंवार समोर येते म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. आधी नवं सॉफ्टवेअर बसवलं जातं, आणि ते घ्यायला हवं होतं का याचा विचार काहीतरी बंद पडल्यावर सुरू होतो. कोणीतरी म्हणतं, ‘आपलं व्हर्जन फार जुनं आहे.’ दुसरा कुठून तरी चार ओळी उचलून टर्मिनलमध्ये टाकतो. पाच मिनिटांत नवं व्हर्जन हजर. सहा महिन्यांनी ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करायची वेळ येते, तेव्हा ते पॅकेज कुठून आलं आणि कोणी आणलं, हे कोणालाच आठवत नाही.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरू. सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम आहे, त्यात पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरची १५ ही आवृत्ती आहे आणि प्रोग्रॅमर मंडळी १७ मागत आहेत. उबुंटूवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच द्या.

निर्णय तीन प्रश्नांवर होतो. नवं कशासाठी हवं? आल्यावर त्याची दुरुस्ती कोण करत राहणार? आणि नाही जमलं तर मागे कसं यायचं? तिन्हींची उत्तरं लिहून झाली की पुढे जायचं. एकही अडलं तर थांबायचं, मग मागणारा कितीही घाईत असो.

## तयारी: आधी हे लिहून काढा

एक साधी टेक्स्ट फाइल करा आणि ती त्याच सर्व्हरवर नव्हे, दुसरीकडे ठेवा. त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव, आवृत्ती आणि तिचा आधार कधीपर्यंत आहे ते लिहा. डेबियनच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला नियमित ३ वर्षं आणि पुढे एलटीएसची (लांबवलेल्या आधाराची) २, अशी साधारण ५ वर्षं मिळतात. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं. उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीचा नेहमीचा आधारही ५ वर्षांचा असतो.

मग इटीसी-ॲप्ट (पॅकेजं बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ या अवजाराच्या सेटिंगचं फोल्डर) खालच्या ‘सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी’ फोल्डरमध्ये डोकवा. बाहेरचे कोणते रेपो, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात ते साठे, आधीच जोडलेले आहेत? अनेक सर्व्हरवर इथे दोन-तीन अनोळखी फाइली निघतात. त्यांचा उलगडा झाल्याशिवाय नवा रेपो जोडू नका.

शेवटी वापराचं वेळापत्रक लिहा. पगाराचा दिवस कोणता, मासिक जीएसटी विवरणाची २० तारीख जवळ आहे का, मार्चअखेर आहे का, निकाल किंवा प्रवेशाचा हंगाम आहे का. या दिवसांत डेटाबेसला हात लावायचा नाही.

तपासा: हा सर्व्हर आज बंद पडला तर कोणाचं काम अडेल, त्या माणसाचं नाव फाइलमध्ये आहे का? परवानगी त्याच्याकडूनच घ्यायची आहे.

## १. गरज एका वाक्यात लिहा

‘नवं हवं’ ही गरज नव्हे. गरज अशी दिसते: ‘अहवालाच्या क्वेरीला जेसन-टेबल (जेसन डेटा टेबलसारखा वाचायची सोय) लागतं, ते पोस्टग्रेस १७ पासून आहे.’ किंवा ‘नव्या लॅपटॉपचं वायफाय डेबियन १२ च्या ६.१ कर्नेलला ओळखता येत नाही.’ किंवा ‘आपण वापरतो त्या आवृत्तीचा आधार संपला.’ वाक्य लिहून झालं की त्यातून ‘लेटेस्ट’, ‘जुनं’, ‘सगळे वापरतात’ हे शब्द काढून टाका. मागे काही उरतं का ते बघा.

उरलं, तरी लगेच पुढे जाऊ नका. हातात आहे त्यात काम भागतं का, हे अर्धा दिवस देऊन पाहायचं. जेसन-टेबलच्या मागणीत बऱ्याचदा ‘जेसनबी-टू-रेकॉर्डसेट’ने काम होतं, आणि ते पोस्टग्रेस ९.४ पासून आहे. क्वेरी थोडी लांब होते, इतकंच. माझ्याकडे येणाऱ्या मागण्यांपैकी बऱ्याच इथेच निकाली निघतात, आणि मागणाऱ्यालाही वाईट वाटत नाही, कारण त्याला क्वेरी चालायला हवी असते.

## २. आकडा जुना म्हणजे धोका, असं धरू नका

लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

डेबियन स्थिर आवृत्तीत सहसा नवं व्हर्जन आणत नाही. सुरक्षेचा दोष सापडला की त्याची दुरुस्ती तेवढी उचलून जुन्याच आवृत्तीत बसवली जाते. पुढचा आकडा तोच राहतो, मागची शेपटी बदलते. जुलै २०२४ मध्ये ओपन-एसएसएचमध्ये (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘रेग्रे-एसएसएच’ नावाने गाजलेला दोष उघड झाला. मूळ प्रकल्पाने ९.८ मध्ये तो दुरुस्त केला. डेबियन १२ मधली आवृत्ती मात्र ९.२पी१ होती आणि दुरुस्तीनंतरही ९.२पी१च राहिली. शेपटीला ‘डेब-१२-यू-३’ लागलं आणि काम झालं.

आता एखाद्या संस्थेत ऑडिट होतं. तपासणीचं सॉफ्टवेअर फक्त पुढचा आकडा वाचतं आणि अहवालात लाल ओळ टाकतं: ‘९.८ वर जा.’ घाबरून कोणीतरी बाहेरून ओपन-एसएसएच आणतं किंवा सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधतं. त्या क्षणापासून डेबियनची सुरक्षा टीम त्या सर्व्हरच्या एसएसएचची राखणदार राहत नाही. जे दुरुस्त होतं ते उघडं पडलं, आणि कागदावर मात्र सगळं हिरवं दिसतं.

लाल ओळ आली की क्रम असा ठेवा:

१. ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पॅकेजचं नाव देऊन बसलेली आवृत्ती शेपटीसह टिपून घ्या.
२. ‘ॲप्ट चेंजलॉग’ देऊन त्यात सीव्हीई क्रमांक (त्या दोषाचा जाहीर नोंद-क्रमांक) शोधा.
३. डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर तोच क्रमांक टाका. तुमच्या आवृत्तीसमोर ‘फिक्स्ड’ आहे की ‘व्हल्नरेबल’, ते तिथे स्पष्ट दिसतं.
४. ही माहिती लेखी स्वरूपात ऑडिटरला द्या. व्यवस्थित लिहिलेलं असलं की ते मान्य करतात.

कधीकधी जुन्या आवृत्तीत तो दोष आलेलाच नसतो. त्याच रेग्रे-एसएसएचच्या वेळी डेबियन ११ मधल्या ८.४पी१ला काही झालं नाही, कारण दोष ८.५पी१पासून शिरला होता. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. ते डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या तयारीच्या शाखांपर्यंत पोचलं होतं, स्टेबलपर्यंत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पॅकेज हाताने सोर्समधून बांधलेलं असेल, तर त्याचा जुना आकडा खरोखरच धोक्याचा असतो, कारण त्यात दुरुस्ती आणून बसवणारं कोणी नाही. उबुंटूच्या ‘युनिव्हर्स’ भागातल्या पॅकेजांनाही ‘मेन’सारखी हमी नसते. त्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी उबुंटू प्रो जोडावं लागतं, जे वैयक्तिक वापराला ५ यंत्रांपर्यंत मोफत आहे.

थांबा: गरज ‘सुरक्षेसाठी’ अशी लिहिली असेल आणि ट्रॅकर ‘फिक्स्ड’ म्हणत असेल, तर काम संपलं. रोजचे सुरक्षा अपडेट घेत राहा.

## ३. राखणदार ठरवा: कुठून घ्यायचं

गरज टिकली असेल, तर आता स्रोत. खालची उतरंड वरून खाली जायची. वरच्या पायरीवर काम होत असेल तर खालच्या पायरीवर उतरू नका.

डेबियनची पुढची स्थिर आवृत्ती. हे बहुतेकांना सुचतच नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यात पोस्टग्रेस १७ आहे, पीएचपी ८.४ आहे, पायथन ३.१३ आहे. येत्या काही महिन्यांत १३ वर जायचंच असेल, तर १२ वर बाहेरून १७ आणणं म्हणजे एकच काम दोनदा करणं.

बॅकपोर्ट्स. डेबियनचीच माणसं नव्या आवृत्तीतलं पॅकेज जुन्या आवृत्तीसाठी बांधून देतात. नवं कर्नेल किंवा नवं लिबरऑफिस हवं असेल तर आधी इथे बघा. बॅकपोर्ट्सचा प्राधान्यक्रम १०० असतो, नेहमीच्या रेपोचा ५००, आणि मोठा आकडा जिंकतो. त्यामुळे रेपो जोडला म्हणून आपोआप काही बदलत नाही. तुम्ही नाव घेऊन मागाल तेवढंच येतं, आणि आलेल्याचे पुढचे अपडेट येत राहतात. मर्यादा एक आहे: सुरक्षा टीमची हमी बॅकपोर्ट्सना नाही, दुरुस्ती पॅकेज बांधणाऱ्याच्या सवडीने येते.

मूळ प्रकल्पाचा स्वतःचा रेपो. पोस्टग्रेसचा असा रेपो आहे आणि तो नीट सांभाळलेला आहे. आपल्या उदाहरणात योग्य जागा हीच.

कंटेनर किंवा फ्लॅटपॅक. डेस्कटॉपवरच्या ॲपसाठी फ्लॅटपॅक सोयीचं, कारण ते आपल्या लायब्ररी सोबत घेऊन येतं आणि सिस्टीमच्या लायब्ररींना धक्का लावत नाही. पण आतल्या लायब्ररींचे अपडेट घेणं ही वेगळी जबाबदारी तुमच्यावर येते, हे विसरू नका.

एकट्या माणसाचा पीपीए, म्हणजे उबुंटूसाठी कोणीही उघडू शकतो असा खासगी रेपो. काही पीपीए वर्षानुवर्षं उत्तम चालले आहेत. तरी त्या माणसाची नोकरी बदलली, तब्येत बिघडली, तर तुमचा डेटाबेस कोण सांभाळणार? आणखी एक: उबुंटूसाठीचा पीपीए डेबियनवर जोडू नका. नावं सारखी असली तरी आतल्या लायब्ररींच्या आवृत्त्या वेगळ्या असतात.

इंटरनेटवरून स्क्रिप्ट उतरवून थेट रूटने (सर्व अधिकार असलेल्या खात्याने) चालवणं. हे करू नका. काढून टाकायची वेळ आली की कुठे कुठे काय पसरलं आहे ते सापडत नाही.

सावधान, पायथन: सिस्टीमचं पायथन कधीही बदलू नका. डेबियन-उबुंटूची कितीतरी अवजारं त्याच पायथनवर चालतात. नवं पायथन लागलंच तर ते शेजारी वेगळं ठेवा, आणि पॅकेजं ‘व्हेन्व्ह’मध्ये (पायथनच्या वेगळ्या, बंदिस्त फोल्डरमध्ये) टाका. डेबियन १२ पासून ‘पिप’ सिस्टीममध्ये थेट काही बसवायला नकार देतं आणि ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा संदेश दाखवतं. तो नकार तुमच्या भल्याचा आहे. ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन त्याला गप्प करू नका. पर्यायाच्या नावातच काय होणार ते लिहिलं आहे.

## ४. किती दिवस थांबायचं

सगळ्या सॉफ्टवेअरला एकच नियम लावू नका. ब्राउझर रोज बाहेरच्या जगाशी बोलतो, त्याचे अपडेट त्याच दिवशी घ्यावेत. डेटाबेस, मेल सर्व्हर, फाइलसिस्टीम यांच्याकडे तुमचा डेटा असतो, तिथे सबुरी.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला ५ वर्षं आधार असतो. छोट्या दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर महिन्यांतल्या दुसऱ्या गुरुवारी ठरलेल्या असतात. माझा नियम साधा आहे: मोठी आवृत्ती किमान दोन छोट्या दुरुस्त्या येऊन गेल्याशिवाय कामाच्या सर्व्हरवर घ्यायची नाही. चाचणीच्या मशीनवर मात्र पहिल्या दिवसापासून चालवावी.

छोट्या दुरुस्तीलाही आठवडाभर द्यावा. १७.१ ही १४ नोव्हेंबर २०२४ ला आली आणि तिच्यात आतल्या एका रचनेचा आकार बदलल्यामुळे आधी बांधलेल्या काही एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायचे पूरक भाग) अडचणीत आल्या. २१ नोव्हेंबरला, वेळापत्रकाबाहेर, १७.२ काढावी लागली. तुम्ही एक्स्टेन्शन वापरत असाल, तर त्या सात दिवसांचं मोल कळेल. दोष गंभीर असेल आणि बाहेरून गाठता येण्यासारखा असेल, तर मात्र आठवडा थांबू नका. चाचणी एका दिवसात उरका आणि दुरुस्ती घ्या.

तपासा: तुमच्या प्रत्येक एक्स्टेन्शनचं नव्या आवृत्तीसाठीचं पॅकेज उपलब्ध आहे का? पोस्टजीआयएस हे नकाशांसाठीचं एक्स्टेन्शन वापरत असाल तर १५ साठीचं आणि १७ साठीचं पॅकेज वेगवेगळं असतं. एखादं आलेलं नसेल तर तुमची तारीख ते पॅकेज ठरवेल.

## ५. रेपो जोडा, पण कुंपण घालून

आधी चावी, म्हणजे पॅकेजं त्याच रेपोची आहेत हे पडताळणारी फाइल. जुन्या लेखांत ‘ॲप्ट-की ॲड’ सांगितलेलं असतं. ती पद्धत सोडा, डेबियन १३ मधून ती कमांडच गेली आहे. तिच्यातला दोष असा की एकदा घातलेली चावी सगळ्या रेपोंसाठी चालायची. आता चावी इटीसी-ॲप्टखालच्या ‘कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि रेपोच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून ती फक्त त्याच रेपोला बांधायची.

मग कोडनेम. डेबियन १२ म्हणजे ‘बुकवर्म’. रेपोच्या ओळीत दुसरंच नाव आलं की असा संदेश दिसतो: अमुक पॅकेजला ‘लिब-सी-६’ची २.३८ किंवा पुढची आवृत्ती लागते, पण २.३६ आहे. याचा अर्थ एवढाच की ते पॅकेज तुमच्या सिस्टीमसाठी बांधलेलंच नाही. इथे लोक टेस्टिंगमधून नवं लिब-सी ओढून आणतात. तसं कधीही करू नका. सगळी सिस्टीम त्या एका लायब्ररीवर उभी आहे. कोडनेम दुरुस्त करा.

आता कुंपण. बाहेरचा रेपो सहसा ५०० या प्राधान्याने येतो, डेबियनचाही ५००. बरोबरी झाली की ॲप्ट जास्त आकड्याची आवृत्ती उचलतं. पोस्टग्रेसच्या रेपोत सर्व्हरबरोबर ‘लिब-पीक्यू-५’ ही लायब्ररीही असते, आणि तिचा आकडा डेबियनच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. म्हणजे तुम्ही १७ मागण्याआधीच, पुढच्या साध्या अपग्रेडमध्ये, पीएचपी आणि पायथन ज्या लायब्ररीने डेटाबेसशी बोलतात ती बदलून जाईल. बहुधा चालेलही, पण ते तुम्ही ठरवलेलं नव्हतं.

म्हणून ‘प्रेफरन्सेस डॉट डी’मध्ये फाइल करा. त्या रेपोतून येणाऱ्या सगळ्या पॅकेजांना १०० द्या आणि जी नावं तुम्हाला हवी आहेत तेवढ्यांनाच ५००. हव्या पॅकेजाला ती लायब्ररी नवीच लागत असेल, तर तिचं नाव यादीत घाला, म्हणजे ती जाणूनबुजून आलेली असेल. १००० किंवा त्याहून मोठा आकडा देऊ नका. तो ॲप्टला आवृत्ती मागे न्यायलाही परवानगी देतो.

सावधान: नुसतं ‘पोस्टग्रेसक्यूएल’ हे पॅकेज मागू नका. ते मोठ्या आवृत्तीचं नाव न घेता ‘सगळ्यात नवी’ आणतं, आणि वर्षभराने १८ किंवा १९ शेजारी येऊन बसते. ‘पोस्टग्रेसक्यूएल-१७’ असं आकड्यासह मागा.

## ६. कोरडी तालीम, आणि ती वाचणं

‘ॲप्ट-गेट’ला ‘हायफन एस’ जोडून इन्स्टॉल कमांड चालवा. काहीही बसत नाही, काय होईल तेवढं दिसतं. तालीम पुष्कळ लोक करतात. वाचत मात्र फार थोडे.

एका कार्यालयातला प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळचे साडेसहा, आणि मी त्या मुलाच्या खुर्चीमागे उभा होतो. बाहेरच्या रेपोतून पीएचपीची नवी आवृत्ती यायची होती. स्क्रीनवर यादी आली. ‘नवी बसतील’ खाली अकरा नावं, ‘अपग्रेड होतील’ खाली चोवीस, आणि त्यांच्यासोबत एक छोटीशी ओळ, ‘काढली जातील’, तिच्याखाली चार नावं. त्याने खाली प्रश्न पाहिला आणि ‘वाय’ दाबलं. त्या चार नावांत मेल पाठवणारं पॅकेज होतं. पावत्यांचे ईमेल त्या रात्रीपासून बंद झाले आणि ते पाच दिवसांनी कळलं, ग्राहकांचे फोन आल्यावर. मी मागे उभा असूनही ती ओळ वाचली नव्हती. तेव्हापासून ‘काढली जातील’ ही ओळ मी मोठ्याने वाचतो.

तालमीत हे पाहा:

१. काढली जाणारी प्रत्येक गोष्ट. एकही अनपेक्षित नाव दिसलं तर थांबा.
२. अपग्रेड होणाऱ्यांत ‘लिब-सी’, ‘लिब-एसएसएल’, ‘सिस्टीमडी’, ‘पायथन ३’ यांपैकी काही आहे का. एका डेटाबेससाठी यांना हलायचं काहीच कारण नाही.
३. किती डेटा उतरणार आणि डिस्कवर किती जागा लागणार हे या तालमीत दिसत नाही. ते खऱ्या कमांडमध्ये ‘वाय’ दाबण्याआधी वाचा.

तपासा: यादीचं आउटपुट फाइलमध्ये साठवून ठेवलं का? मागे यायची वेळ आली तर हाच नकाशा आहे.

## ७. परतीची वाट आधी चालून पाहा

मोठ्या आवृत्तीचा डेटा जुनी आवृत्ती वाचू शकत नाही. १७ ने लिहिलेलं डेटाचं फोल्डर १५ उघडणार नाही. हा नियम एकट्या डेटाबेसचा नाही. नव्या फायरफॉक्सने वापरलेलं प्रोफाइल जुन्या फायरफॉक्सला दिलं की तोही अडवतो. म्हणून ‘नाही जमलं तर अनइन्स्टॉल करू’ हे उत्तर इथे चालत नाही.

‘पीजी-डंपॲल’ने पूर्ण बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर न्या आणि तिथे तो उतरवून पाहा. बॅकअपची फाइल दिसते म्हणजे बॅकअप आहे, असं नाही. गिटलॅबचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं आहे. त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता, पण रोजच्या बॅकअपमध्ये चालत होतं ९.२ चं पीजी-डंप. जुनं पीजी-डंप नव्या सर्व्हरचा बॅकअप घ्यायला नकार देतं. रोज नकार मिळत होता, आणि तसं सांगणारे ईमेल वाटेतच अडत होते. चुकून डेटा पुसला गेला तेव्हा तो बॅकअप नव्हताच. साधारण ६ तासांचा डेटा गेला.

म्हणजे नवी आवृत्ती घेताना बॅकअपची स्क्रिप्टही त्याच दिवशी बदलायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलचा आकार बघायचा.

उतरवलेल्या प्रतीवर आता १७ बसवा आणि तुमचं खरं ॲप त्याच्याशी जोडा. १५ पासून नव्या बनवलेल्या डेटाबेसच्या ‘पब्लिक’ स्कीमात (टेबलांच्या सामायिक कप्प्यात) मालकाशिवाय इतरांना टेबल बनवता येत नाही, तो हक्क आता द्यावा लागतो. १४ पासून नवे पासवर्ड डीफॉल्टने स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवले जातात, आणि फार जुने ड्रायव्हर तिथे लॉगिन करू शकत नाहीत. १३ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरून उडी मारणारे या दोन ठिकाणी अडखळू शकतात. डेटाबेसात मराठी नावं असतील तर क्रमवारीही तपासा. कुलकर्णी, खरे, गोखले जुन्याच क्रमाने येतात का ते दोन्हीकडे पाहा.

डेस्कटॉपवर नवं लिबरऑफिस घेत असाल तर आपल्याकडची चाचणी वेगळी. जुनी मराठी फाइल उघडा आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ॲप’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ असलेलं पान पाहा. अक्षरं नीट आहेत का, आणि पानांची संख्या तीच आहे का? छापखान्यात जाणाऱ्या फाइलची दोन पानं वाढली तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.

## ८. बदलाचा दिवस

रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या सकाळी करा, शुक्रवारी संध्याकाळी नको. लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्हींमागे यूपीएस असू द्या, आणि महावितरणचा देखभालीचा दिवस टाळा. एसएसएचने काम करत असाल तर ‘टीमक्स’च्या आत करा, म्हणजे नेट तुटलं तरी काम मध्येच मरत नाही. पॅकेजं बसताना तुटलंच, तर परत येऊन ‘डीपीकेजी हायफन हायफन कॉन्फिगर हायफन ए’ द्या.

क्रम:

१. ॲप बंद करा, क्रॉनमधली (वेळ लावून ठेवलेली) डेटाबेसची कामं थांबवा, आणि आता शेवटचा बॅकअप घ्या. सकाळचा बॅकअप चालणार नाही.
२. पोस्टग्रेसक्यूएल-१७ आणि त्याची एक्स्टेन्शन पॅकेजं बसवा.
३. ‘पीजी-एलएसक्लस्टर्स’ द्या. क्लस्टर म्हणजे एका आवृत्तीचा चालता सर्व्हर आणि त्याचा सगळा डेटा. १५ चा ‘मेन’ ५४३२ पोर्टवर दिसेल, आणि सहसा १७ चा रिकामा ‘मेन’ ५४३३ वर आपोआप तयार झालेला असेल.
४. तो रिकामा १७ चा क्लस्टर ‘पीजी-ड्रॉपक्लस्टर’ने काढा.

इथे हात कीबोर्डवरून उचला. या कमांडमध्ये १७ च्या जागी १५ लिहिलं गेलं तर तुमचा सगळा डेटा जातो. वरची बाण-कळ दाबून जुनी कमांड आणू नका. आकडा स्वतः टाइप करा आणि शेजारच्याकडून वाचून घ्या.

५. ‘पीजी-अपग्रेडक्लस्टर’ला १५ आणि ‘मेन’ द्या. नेहमीच्या पद्धतीत तो डेटा नव्यात नेतो, ५४३२ पोर्ट नव्याला देतो आणि जुना क्लस्टर बंद करून जागच्या जागी ठेवतो. दोन्हींना पुरेल एवढी जागा हवी. ‘लिंक’ पद्धत लवकर होते, पण नवा क्लस्टर एकदा सुरू झाला की जुना वापरण्याजोगा राहत नाही. जागेची अगदीच ओढाताण असेल तेव्हाच ती घ्या.
६. सगळ्या डेटाबेसवर ‘ॲनालाइझ’ चालवा. हे राहिलं तर क्वेरी अचानक मंद होतात आणि दोष नव्या आवृत्तीला दिला जातो.
७. ॲप सुरू करण्याआधी दोन-तीन मोठ्या टेबलांच्या ओळी मोजा, जुन्या आकड्यांशी ताडून पाहा, आणि मगच दार उघडा.

जुना क्लस्टर किमान एक महिना ठेवा. मात्र लोकांनी नव्यात नोंदी टाकायला सुरुवात केली की जुन्याकडे परतणं म्हणजे त्या नोंदी गमावणं. त्यामुळे ‘परत जायचं का’ हा निर्णय पहिल्या एक-दोन तासांतच घ्या, आणि तो कोण घेणार हे आदल्या दिवशीच ठरवा.

## ९. बसवल्यानंतरची जबाबदारी

‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ (आपोआप अपडेट बसवणारं पॅकेज) चालू आहे म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. मूळ सेटिंगमध्ये ते डेबियनच्या स्वतःच्या रेपोंपुरतंच काम करतं. बाहेरच्या रेपोतून घेतलेल्या पॅकेजाचे सुरक्षा अपडेट त्यातून येत नाहीत. एक तर तो रेपो सेटिंगमध्ये नाव घेऊन जोडा, किंवा पोस्टग्रेसचे चार गुरुवार कॅलेंडरवर टाका. डेटाबेससाठी मी दुसरा मार्ग धरतो, कारण रीस्टार्टची वेळ मला ठरवायची असते.

‘ॲप्ट-मार्क होल्ड’ लावून पॅकेज गोठवलं असेल तर त्याची तारीख आणि कारण फाइलमध्ये लिहा. होल्ड सुरक्षा-दुरुस्तीही अडवतो. दोन वर्षं होल्डवर राहिलेली पॅकेजं मी पाहिली आहेत, आणि लावणारा माणूस तोवर दुसऱ्या शहरात गेलेला.

डेबियन १३ वर जायची वेळ आली की आधी बाहेरचे रेपो बंद करा, सिस्टीम अपग्रेड करा, मग प्रत्येक रेपोबद्दल पहिल्या पायरीचा प्रश्न पुन्हा विचारा. १३ मध्ये १७ मुळातच आहे. बाहेरच्या रेपोची गरज तिथेच संपते का ते पाहा. संपत असेल तर रेपोची ओळ, चावी आणि कुंपणाची फाइल, तिन्ही काढा आणि ‘ॲप्ट पॉलिसी’ देऊन १७ चे पुढचे अपडेट आता कोणत्या रेपोतून येणार ते बघा. बसलेल्या पॅकेजाचा आकडा डेबियनच्या आकड्यापेक्षा पुढे असेल, तर डेबियनची पुढची दुरुस्ती येईपर्यंत ते जुनंच बसून राहतं. त्या दिवसाची तारीखही फाइलमध्ये लिहून ठेवा.